हाताशी असलेली चाल : वालूर परिसरातील भजन आणि हमखास चालींचा इतिहास

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना प्रामुख्याने तेथील चक्राकार पायऱ्यांच्या बारवेमुळे परिचित आहे, आणि अशा दगडी वास्तूचा काळ व कारागिरी तिच्या घडणीवरून, शिल्पांवरून व आसपासच्या अवशेषांवरून अजमावता येते. त्याच गावात आणि त्याच्या पंचक्रोशीत देवळासमोरच्या पटांगणात चालत आलेल्या भजनाचा इतिहास मात्र निराळ्या साधनांनी शोधावा लागतो, कारण भजनातील बहुसंख्य चालींना कर्त्याचे नाव नाही, त्यांची स्वरलिपी कोणी लिहून ठेवलेली नाही आणि पोथीत शब्द असले तरी ते कसे म्हणावयाचे याविषयी पोथी मौनच पाळते. तरीही कोणत्या चाली टिकल्या आणि कोणत्या मागे पडल्या याचा मागोवा घेता येतो, कारण त्या निवडीची कारणे अभंगाच्या रचनेत, टाळकऱ्यांच्या उभे राहण्याच्या पद्धतीत आणि सप्ताहाच्या वेळापत्रकात अजूनही स्पष्ट दिसतात.

येथे विचार करावयाचा आहे तो चालींच्या एका विशिष्ट वर्गाचा. भजन रंगात असताना म्हणणाऱ्याला पुढचे चरण आठवेनासे झाले, परगावचा गायक अनोळखी चाल लावून बसला आणि मागचे लोक गप्प झाले, लय विस्कटली, किंवा मध्यरात्रीनंतर मंडपात चारच माणसे उरली, तर जी चाल कोणीही उचलावी आणि सर्वांनी त्याच क्षणी धरावी, अशी प्रत्येक मंडळीजवळ काही मोजकी शिदोरी असते. भजनी मंडळींच्या बोलण्यात तिला ठरलेले पारिभाषिक नाव नाही. 'आपली चाल', 'जुनी चाल', 'साधी चाल' असेच उल्लेख होतात. एखाद्या अभंगाला सूर बसवणे म्हणजे 'चाल लावणे', पुढच्याने म्हटलेली ओळ मागच्यांनी बिनचूक परत म्हणणे म्हणजे 'चाल धरणे', आणि उत्साह ओसरून ती मध्येच ढिली होणे म्हणजे 'चाल पडणे'. हमखास चाल म्हणजे थोडक्यात जी सहसा पडत नाही ती.

हा प्रदेश वारकरी परंपरेच्या दृष्टीने आडबाजूचा कधीच नव्हता. संत जनाबाईंचे गंगाखेड याच जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी आहे. संत नामदेवांशी निगडित असलेले नरसी आज हिंगोली जिल्ह्यात मोडत असले, तरी 1999 साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत ते परभणीतच गणले जात होते. शेगावहून पंढरपूरला पायी जाणारी गजानन महाराजांची पालखी परभणी व गंगाखेडवरून जाते. 1948 पर्यंत निजामाच्या संस्थानात असलेल्या, आणि त्यानंतर हैदराबाद व द्विभाषिक मुंबई राज्यांतून जाऊन 1960 मध्ये महाराष्ट्रात आलेल्या मराठवाड्यातील खेड्यांत शाळा विरळ होत्या आणि संस्थानच्या शिक्षणात व कारभारात उर्दूचा वरचष्मा होता. अशा काळात ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही शेकडो अभंग येत असत, ही गोष्ट पुष्कळदा कौतुकाने सांगितली जाते. परंतु ते अभंग पाठ राहण्यात स्मरणशक्तीइतकाच चालीचा वाटा होता, याची नोंद क्वचितच होते.

या सर्व व्यवहाराचे मूळ अभंगाच्या छंदात आहे. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात, त्यांपैकी पहिल्या तिहींत प्रत्येकी सहा व शेवटच्यात चार अक्षरे येतात आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणाच्या अंती जुळते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असून ते परस्परांशी यमक साधतात. संस्कृत वृत्तांप्रमाणे येथे लघु-गुरूचे बंधन नाही, अक्षरांची संख्या तेवढी पाहिली जाते, आणि तीही काटेकोरपणे पाळली जातेच असे नाही, कारण गाताना एखादे अक्षर लांबवून किंवा दोन अक्षरे एका मात्रेत बसवून कमी-जास्त भरून काढता येते. याचा परिणाम असा होतो की मोठ्या अभंगाला बसणारी एक चाल त्याच छंदातील दुसऱ्या कोणत्याही अभंगाला बसते. तुकोबांच्या गाथ्यात साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत, त्यांत नामदेव, एकनाथ, जनाबाई, चोखामेळा, सावता माळी यांच्या रचनांची भर घातली तर संख्या कितीतरी वाढते. एवढ्या भांडारासाठी गावाच्या भजनी मंडळींना दहा-पंधरा पक्क्या चाली पुरतात, आणि अगदी अडचणीच्या वेळी दोन पुरतात, एक मोठ्या अभंगाची आणि एक लहान अभंगाची. शब्द विपुल आणि सूर मोजके, ही अभंगगायनाची मूळ व्यवस्था आहे, आणि तिला दारिद्र्य समजणाऱ्या संगीतज्ञांनी तिचे प्रयोजन नीट लक्षात घेतलेले दिसत नाही.

छंदाला चाल चिकटलेली असण्याची ही पद्धत मराठीत अन्यत्रही आढळते. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ही नावे छंदाची आहेत तशीच गाण्याच्या ढंगाचीही आहेत, आणि अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 1880 च्या शाकुंतलापासून पुढे संगीत नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या माथ्यावर 'चाल' असे लिहून एखाद्या परिचित पदाचा निर्देश करण्याचा प्रघात पडला, तो वाचकाला ती चाल आधीच ठाऊक आहे या भरवशावरच. जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या संग्रहात मराठवाड्यातील स्त्रियांचाही मोठा वाटा आहे. ओव्यांच्या या संख्येपुढे त्यांच्या गळ्यांची, म्हणजे सुरावटींची, संख्या अगदीच थोडी भरते. दळणाऱ्या बाईला दाण्याची मूठ जात्यात टाकावयाची असते, खुंटा फिरवावयाचा असतो आणि त्याच वेळी मनातले शब्द जुळवावयाचे असतात, तेव्हा सुराकडे लक्ष द्यावे लागणार नाही अशीच सुरावट तिला उपयोगी पडते. जनाबाईंच्या अभंगांत दळण-कांडण वारंवार येते हे सर्वश्रुत आहे, आणि ओवी व अभंग हे दोन्ही प्रकार एकाच घरात, बहुधा एकाच पहाटे म्हटले जात असल्यामुळे त्यांच्या सुरावटींची परस्परांत देवघेव होत राहिली असणे अगदी स्वाभाविक आहे.

चालीची निवड कशी होत असे हे समजण्यासाठी भजनाची मांडणी जवळून पाहिली पाहिजे. वीणेकरी मध्यभागी असतो, टाळकरी दोन्ही बाजूंना समोरासमोर ओळी करून उभे राहतात किंवा बसतात, आणि मृदंगवादक वीणेकऱ्याच्या जवळ राहतो. एका बाजूने चरण म्हटला की दुसरी बाजू तो परत म्हणते आणि प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपदावर यावयाचे असते. छापील गाथ्यांत दुसऱ्या कडव्यापुढे 'ध्रु.' अशी खूण दिलेली असते, गाताना मात्र अनेक मंडळी पहिल्याच ओळीला ध्रुपद करतात. या रचनेत चाल एका गायकाची राहत नाही. पुढच्या बाजूला गळा तयार असलेले दोघे-तिघे असतात, पण मागच्या ओळीत शेतातून येऊन हातपाय धुऊन उभा राहिलेला गडी असतो, आवाज फुटू लागलेला पोरगा असतो आणि दात गेलेला म्हातारा असतो. जी चाल या तिघांना एका ऐकण्यात परत म्हणता आली, तीच पुढच्या पिढीकडे गेली.

म्हणून टिकलेल्या चालींचे काही समान गुण दिसतात. त्यांची धाव बहुधा पाच-सहा स्वरांत मावते, कारण वारकरी गायकांची पट्टी, म्हणजे आधारस्वराची उंची, मुळातच चढी असते आणि तिच्यावर आणखी तारस्वर गाठावा लागला तर मागची ओळ गप्प होते. ध्रुपदाचा शेवट आधारस्वरावर किंवा त्याच्या अगदी जवळ होतो, त्यामुळे वाट चुकलेल्यालाही तेथे सर्वांना गाठता येते. चरणाच्या अंती श्वास घेण्यास जागा असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तीच चाल संथ लयीतही म्हणता येते व दुपटीतही, कारण भजनात लय वाढत जाते आणि चाल मध्येच बदलल्यास टाळांचा मेळ तुटतो. यांसाठी वापरला जाणारा भजनी ठेका आठ मात्रांचा असून त्यात झोल असतो, आणि लय चढली की तो केरव्याच्या वळणावर जातो. चालीला हे स्थित्यंतर न मोडता सोसावे लागते. मृदंगाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, भिजवलेली कणीक लावलेली असते, रात्र चढेल तशी ती सुकत जाऊन नाद बदलतो आणि वादकाला पाण्याचा हात लावून ती पुन्हा जमवावी लागते. तेवढ्या अवकाशात टाळांच्या आधारावर जी चाल उभी राहते ती खरी पक्की, असे म्हणावयास हरकत नाही.

या चालींची खरी कसोटी लागते ती अखंड हरिनाम सप्ताहात. सात दिवसांच्या या उत्सवात पहाटे काकडा, त्यानंतर विष्णुसहस्रनाम व ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथा भजन किंवा प्रवचन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर हरिजागर असा क्रम मराठवाड्यातील गावागावांत थोड्याफार फरकाने आढळतो. सातही दिवस वीणा खाली ठेवावयाची नाही असा नेम असल्यामुळे गावकऱ्यांना पहारे, म्हणजे वीणा घेऊन उभे राहण्याच्या पाळ्या, वाटून दिलेले असतात. कीर्तनाच्या वेळी मंडप भरलेला असतो, तेव्हा नामांकित गायक अवघड चाली लावतात आणि त्यांना दाद मिळते. परंतु कीर्तन आटोपून गर्दी पांगल्यावर काकड्यापर्यंतचे जे चार-पाच तास उरतात ते पहारेकऱ्यांनी आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या टाळकऱ्यांनी तोलावयाचे असतात. त्या वेळी झोप अनावर झालेली असते, आवाज बसलेला असतो, दुसऱ्या दिवशीचे शेतीचे काम टळलेले नसते. भजन अखंड राहावे हा नेम, आणि ते चालू ठेवण्याची माणसाची मर्यादा, यांच्या मधला तोडगा म्हणून हमखास चालींकडे पाहिले पाहिजे. अभंगही सुचेनासा झाला तर 'रामकृष्णहरी' किंवा 'ज्ञानोबा तुकाराम' हा गजर धरतात, आणि कोणाला तरी पुढचा अभंग आठवला की त्याच सुरावटीतून, टाळ न थांबवता, त्या अभंगात शिरतात. गजरातून अभंगात उतरण्याची ही युक्ती ज्या चालीत सहज साधते तिला जागरात विशेष मान असतो.

समूहाने एकत्र बसून, आधी काहीही न ठरवता वाजवावयाचे असले की असा आधार सर्वत्रच लागतो. आयर्लंड व स्कॉटलंडमधील लोकसंगीतात वादकांची जी बैठक भरते, तीत कोणी एकाने धून सुरू करावयाची आणि ज्यांना ती येते त्यांनी सामील व्हावयाचे असा रिवाज आहे. धून अनोळखी निघाली तर सुरू करणारा एकटा पडतो, म्हणून प्रत्येक अनुभवी वादक सर्वांना येणाऱ्या काही धुना राखून ठेवतो. ही बैठक आज प्राचीन वाटत असली तरी तिचे सध्याचे रूप विसाव्या शतकातले आहे. आयर्लंडमध्ये 1935 च्या सार्वजनिक नृत्यगृहांविषयीच्या कायद्याने घराघरांतील नाचाच्या मेळाव्यांना धक्का बसला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कामासाठी लंडनला गेलेल्या आयरिश मजुरांनी तेथील पबांत एकत्र वाजवण्यास सुरुवात केली. वेगवेगळ्या परगण्यांतून आलेल्या या लोकांना सामाईक धुनांची गरज होती, आणि ती काही अंशी छापील संग्रहांनी भागवली. शिकागोचे पोलीसप्रमुख राहिलेले फ्रान्सिस ओनील यांनी 1903 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहात 1,850 धुना आहेत. रील, जिग यांसारख्या त्या नृत्याच्या धुना बहुतेक आठ-आठ मापांच्या दोन भागांत बांधलेल्या असतात, त्यामुळे एकीमागून दुसरी जोडणे सोपे जाते. साम्य इथपर्यंतच आहे. तेथे शब्द नसल्यामुळे आधार म्हणून एक विशिष्ट धूनच आठवावी लागते आणि हजारो धुनांतून नेमक्या कोणत्या सर्वांना येतात हा प्रश्न उभा राहतो. वारकऱ्यांच्या भजनात चाल हा साचा असल्याने तो एकदा हाती आला की त्यात कोणत्याही संताचे शब्द भरता येतात. शिवाय आयरिश बैठकीत न येणाऱ्याने ऐकत बसणे हे सभ्यपणाचे मानले जाते, तर भजनात टाळ हाती घेऊन गप्प उभे राहणे लाजिरवाणे ठरते. याच कारणाने येथील निवड अधिक कठोर झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छपाई आल्यावर शब्दांची बाजू स्थिर झाली. मुंबई सरकारच्या आश्रयाने विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादलेला तुकोबांचा गाथा 1869 व 1873 मध्ये दोन भागांत निघाला, आणि पुढे काकड्याचे, हरिपाठाचे, वारांचे व एकादशीचे अभंग, गौळणी आणि आरत्या एकत्र देणाऱ्या भजनी मालिका स्वस्तात मिळू लागल्या. मालिकेने कोणत्या प्रसंगी कोणता अभंग घ्यावयाचा हा क्रम घालून दिला: आरंभी मंगलाचरण, मग विठ्ठलाच्या रूपाचे अभंग, असे पुढे. चालीबद्दल ती काहीच सांगत नसल्यामुळे पुस्तक घेऊन आलेल्या मंडळींनाही शेवटी गावातल्या जुन्या टाळकऱ्याकडेच जावे लागे. चालींना शिस्त लावण्याचे काम एकीकडे पंढरपूरच्या फडांनी केले. फड म्हणजे एका महाराजांच्या परंपरेत चालणारी, वारी व कीर्तनाचे नेम पाळणारी वारकऱ्यांची संघटित मंडळी, आणि वासकर, देहूकर यांसारख्या फडांत परंपरेबाहेरचा अभंग किंवा चाल घेण्यास मज्जाव असे. दुसरीकडे विष्णुबुवा जोग यांनी 1917 मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, जिच्याशी सोनोपंत दांडेकर आणि बीड जिल्ह्यातील बंकटस्वामी यांची नावे निगडित आहेत. चार वर्षे आळंदीत राहून परतलेला विद्यार्थी गावी येताना ज्ञानेश्वरीच्या अर्थाबरोबर तेथल्या चालीही आणीत असे, आणि अशा रीतीने ज्या चाली एरवी एकाच खोऱ्यात राहिल्या असत्या त्या मराठवाड्यापासून कोकणापर्यंत सर्वांच्या झाल्या. त्यात स्थानिक चालींचा काही ऱ्हासही झाला, ही या प्रसाराची दुसरी बाजू.

ध्वनिमुद्रणाने घडवलेला बदल याहून वेगळ्या जातीचा होता. पंडित भीमसेन जोशी यांची संतवाणी, तिच्यातील राम फाटक यांच्या चाली, आणि श्रीनिवास खळे यांच्या संगीतात लता मंगेशकरांनी गायिलेले तुकोबांचे अभंग यांनी अभंगाला घराघरांत नेले. पण या रचनांत चाल त्या एका अभंगासाठी, त्या एका गळ्यासाठी बांधलेली होती. ती दुसऱ्या अभंगाला लावता येत नाही, तिच्यातील हरकती मागच्या ओळीला परत म्हणता येत नाहीत आणि पेटीची साथ नसली तर ती उघडी पडते. तेव्हापासून गावोगावच्या भजनांत काही अभंग 'रेडिओच्या चालीत' म्हणण्याचा हट्ट होऊ लागला, आणि असा अभंग सुरू झाला की टाळकरी श्रोते होतात, हे कोणत्याही सप्ताहात पाहावयास मिळते. चित्रपटगीतांच्या चालीवर अभंग बसवण्याची रीत फडकऱ्यांच्या टीकेचा विषय ठरली. ती टीका पावित्र्याच्या भाषेत केली जात असली तरी तिच्यात एक व्यावहारिक तथ्यही होते, कारण चित्रपटाची चाल दहा वर्षांत जुनी होते आणि पुढच्या पिढीच्या टाळकऱ्याला ती ठाऊक नसते.

कॅसेटने मात्र एका बाबतीत हमखास चालींचेच काम पुढे नेले. बाबामहाराज सातारकर (1936–2023) यांच्या आवाजातील हरिपाठ ध्वनिफितीवरून सर्वदूर पोहोचला, आणि ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे सत्तावीस-अठ्ठावीस अभंग एकाच मोठ्या अभंगाच्या छंदात असल्यामुळे त्या सुरावटी एकदा कानात बसल्या की संपूर्ण हरिपाठ म्हणता येऊ लागला. पूर्वी शेजारच्या दोन गावांचे हरिपाठ निरनिराळ्या वळणाने चालत. आता परभणीचा टाळकरी सातारा किंवा नाशिककडील हरिपाठात फारसा न अडखळता उभा राहू शकतो.

याचा सर्वाधिक लाभ स्त्रियांच्या हरिपाठ मंडळांना झाला, जी गेल्या काही दशकांत मराठवाड्यातील बहुतेक मोठ्या गावांत उभी राहिली आहेत. जुन्या व्यवस्थेत चाल शिकण्याची जागा म्हणजे टाळकऱ्यांची मागची ओळ, आणि तेथे स्त्रियांना उभे राहण्याची प्रथा नव्हती. दिंडीत त्या तुळस किंवा पाण्याची घागर डोक्यावर घेऊन चालत आणि चाली दुरून ऐकत. ध्वनिफितीने त्यांना ती मागची ओळ घरी आणून दिली. या मंडळांत पावलीसह, म्हणजे टाळांच्या ठेक्यावर पाऊल पुढे-मागे टाकीत, हरिपाठ म्हटला जातो, त्यामुळे चालीवर आणखी एक अट आली आहे: लय चढवताना पायांना वेळ मिळाला पाहिजे. त्यासाठी चरणाच्या अखेरीस स्वर धरून ठेवण्याची रीत त्यांनी रूढ केली असून, जागराला बसणारे पुरुष टाळकरीही काही ठिकाणी ती उचलू लागले आहेत.